पेंटरची परवानगी

वाचा-उपचार केंद्राच्या लिफ्टसमोरच्या बाकावर एका अनोळखी म्हाताऱ्याने माझं थोबाड आपल्या सुनेच्या नाकासमोर धरलं आणि ती म्हणाली, "चिडू नका बाबा, येईल आता आपला नंबर."

थोबाड माझंच होतं, त्यात शंकाच नको. आवळलेले ओठ, फुगलेल्या नाकपुड्या, डाव्या भुवईवरचा तीळ आणि शिवताना मी कपाळावर चढवून ठेवते तो चष्मा. चकचकीत जाड कार्ड, गोल कोपरे, खाली ठळक अक्षरांत छापलेलं: राग.

मी उठले आणि सरळ जाऊन त्या सुनेला विचारलं, "हे कुठनं आणलंत?"

"इथलंच आहे. केंद्राने संच काढलाय," ती बिचारी कौतुकाने सांगायला लागली. "बाबांना बोलता येत नाही ना. आता काय हवं-नको ते कार्ड दाखवून सांगतात. फार चांगलं काम केलंय यांनी." मग तिने कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवून हसू दाबलं.

तिच्या मांडीवर पेटी उघडी होती. मी न विचारता आत हात घातला. कप, खिडकी, सुजलेला गुडघा, वाकडी उशी, एकेक ओळखीचं. झाकणावर केंद्राचं नाव, केंद्राचा शिक्का आणि मागे बारीक अक्षरांत 'सर्व हक्क केंद्राकडे राखीव. परवानगीशिवाय नक्कल करू नये.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सायकल चोरायची आणि वर तिला स्वतःचं कुलूप लावायचं, अशातली ही तऱ्हा.

ती सगळी चित्रं आमच्या पेंटरांची होती.

पेंटर म्हणजे माझा नवरा. बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांनी रंगवलेल्या, म्हणून सगळं गाव त्यांना पेंटर म्हणतं आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत मीही म्हणायला लागले. मग मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात गेला, वाचा गेली. आता तोंडातून फक्त 'हं हं' येतं आणि मान हलते. तीही बेभरवशाची. चहा हवा का विचारलं की हो म्हणून हलते, नको का विचारलं तरी तशीच हलते. केंद्रातल्या मॅडम, म्हणजे वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलतं करणाऱ्या, त्यांनीच मला सुरुवातीला बजावून सांगितलं होतं, "त्यांच्या मानेवर विसंबू नका. या आजारात हो आणि नाही यांची अदलाबदल होते. काहीतरी हातात देऊन, दाखवून विचारा."

आणि मग एक दिवस पेंटरांनी डाव्या हाताने पेन्सिल धरली. पहिलं चित्र कपाचं. रेघ थरथरलेली, कान भलत्याच जागी, पण कप म्हणजे कप. मी चहा टाकला. दुसऱ्या दिवशी खिडकी, मी खिडकी उघडली. मी खोक्यांच्या पुठ्ठ्यांचे तुकडे कापून द्यायचे आणि ते काढत सुटायचे. माझा धंदा पडदे आणि सोफ्यांच्या खोळी शिवायचा, तेव्हा एका उरलेल्या कापडाची मी कार्डांसाठी पिशवी शिवली. ती गळ्यात अडकवून पेंटर घरभर हिंडायचे. घर पुन्हा बोलायला लागलं. बोलायला लागलं म्हणजे भांडायलाही लागलं. राग दाखवायला या माणसाला अख्ख्या जगात दुसरा चेहरा सापडला नाही. मी त्यावर आधी रुसले, मग हसले, मग शेजारणीला नेऊन दाखवलं.

पाट्या रंगवणाऱ्यांची एक रीत असते. काम झालं, मनासारखं उतरलं, आता गिऱ्हाइकाच्या हवाली करायचं ठरलं की शेवटी उजव्या कोपऱ्यात आपली खूण टाकायची. पेंटरांची खूण म्हणजे दोन तिरपे फटकारे आणि एक ठिपका. खूण पडली नसेल तर पाटी दुकानाबाहेर जायची नाही, मग मालक दारात उभा राहून बोंबलेना का. कार्डांवरही ते खूण टाकायचे. छापलेल्या संचात ती खूण सगळीकडून कापून टाकली होती, आणि चित्रांत पिवळे-निळे रंग भरले होते.

आणि पेटीच्या तळाशी ते एक कार्ड निघालं.

एकदा दुपारी मी दोरे आणि चेन आणायला बाजारात गेले होते. तिथे कुणी ओळखीचं भेटलं, गप्पांत वेळ गेला, फोन घरी राहिला होता. परत आले तर पेंटरांनी चित्र काढून ठेवलेलं. माझं शिवणयंत्र, सुईखाली अर्धवट पडदा, रिकामं स्टूल, आणि पार कोपऱ्यात पलंगावर इवलासा माणूस, तोंड उघडं. मी त्यांच्या पायाशी बसून रडले होते. त्या कार्डावर खूण नव्हती. ते घराबाहेर जायचंच नव्हतं, ते फक्त मला सांगितलेलं होतं. आणि ते इथे, एका परक्या बाईच्या मांडीवर, रिकाम्या स्टुलाला पिवळा रंग देऊन. खाली छापलं होतं: भीती.

वळून पाहिलं तर पेंटर काठी टेकत माझ्या मागे येऊन उभे होते. नजर पेटीकडे. चेहरा पांढराफटक.

त्या दिवसापासून त्यांनी पेन्सिलीला हात लावला नाही. पिशवी खुंटीवर गेली ती गेलीच. भूक लागली तरी नुसते बसून राहायचे, दुखायला लागलं की भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी कार्डं पुढे मांडायची, ते डोळे मिटायचे. दुसऱ्यांदा वाचा गेली त्यांची, आणि या खेपेला ती आजाराने नाही, चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसांनी घालवली. मला त्यांची पेटी नको होती, त्यांचे पैसे नको होते. माझा बोलणारा नवरा मला परत हवा होता.

मी मॅडमना त्यांच्या खोलीत गाठलं. दार लोटून घेतलं आणि पेटी टेबलावर आपटली.

"अहो, पण तुम्हीच घ्या म्हणाला होतात," मॅडम म्हणाल्या. वाईट नाहीत त्या, हेच जास्त डोक्यात जातं. वाईट माणसाशी भांडायला बरं पडतं.

म्हणाले होते मी. नाही कशाला म्हणू. त्यांच्याकडे एक नवा पेशंट आला होता, घरच्यांना त्याचं काही कळेना, तर झेरॉक्स काढून देऊ का, असं त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, घ्या की, त्यात विचारायचं काय. आणि अख्खी पिशवी काढून दिली. ते स्टुलाचं कार्ड आत आहे हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

"झेरॉक्स काढा म्हटलं होतं मी. दुकान काढा नव्हतं म्हटलं."

"दुकान कसलं? संस्थेला मदत होते त्यातून. पेशंटसाठीच आहे सगळं. आणि आम्ही त्यांनाही विचारलं होतं. छापायला द्यायच्या आधी मी स्वतः विचारलं. त्यांनी मान हलवली."

मला क्षणभर वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग मी जे बोलले ते बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. त्यातलं इथे काही लिहिण्यासारखं नाही. शेवटी शिपाई आत आला आणि पाण्याचा ग्लास माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "ताई, बसा जरा." मी पाणी प्यायले नाही.

घरी येऊन भाचीला फोन लावला. पेंटरांच्या बहिणीची ही मुलगी शालेय पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनात कामाला आहे. दिवसभर काय करते, तर लोकांना पत्रं लिहिते की तुमचं अमुक चित्र, तमुक धडा आम्ही आमच्या पुस्तकात घेऊ का. मला नेहमी वाटायचं, हे काय काम झालं? छापायचंय तर छापावं. त्या संध्याकाळी ती आली आणि माझ्या कापड कापायच्या टेबलाला टेकून उभी राहिली. पेंटर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेले.

"मामी, आधी शांत हो."

"मला शांत हो म्हणू नकोस."

"बरं, चिडूनच ऐक. चित्रं कुणी काढली?"

"तुझ्या मामाने. हा काय प्रश्न आहे?"

"मग हक्क मामाचा. पेन्सिल कागदावरून फिरली तेव्हापासूनच. त्याला नोंदणी नको, शिक्का नको, कुठल्या ऑफिसात खेटे घालायला नकोत."

"ते म्हणतील, आमच्याकडे बसून काढली. त्यातली काही तिथेही काढलीत त्यांनी, त्यांच्याच कागदावर."

"मामा काय त्यांच्या नोकरीत होता? पगारी माणसाने मालकासाठी काढलं तर ते सहसा मालकाचं होतं. पेशंटने काढलं तर पेशंटचं. आणि कागद कुणाचा, ठेवलाय कुणाकडे, याने काही ठरत नाही. मी दुकानातनं पुस्तक आणलं तर ती प्रत माझी. ते छापून विकायचा हक्क माझा नाही."

हे मला पटलं. पटलं म्हणून आणखी चिडले. "आणि मी घ्या म्हटलं, त्याचं काय?"

"नेमकं काय म्हणालीस?"

मी सांगितलं.

"म्हणजे एका पेशंटसाठी झेरॉक्स. बस, तेवढंच. एका कामाला दिलेली परवानगी दुसऱ्या कामाला लागू होत नाही. छापायला वेगळी, विकायला वेगळी, रंग भरून बदलायला वेगळी. काढणाऱ्याची खूण कापायची तर गोष्टच सोडा. म्हणून तर लेखी घ्यायचं असतं, कशासाठी, किती, कुठे. शिवाय…" ती थांबली.

"शिवाय काय?"

"शिवाय, ती परवानगी द्यायची तू कोण?"

कात्री माझ्या हातातच होती. "मी कोण? पंचवीस वर्षं ज्यांचं जेवणखाण करतेय त्यांची बायको."

"बायको आहेस. चित्रकार नाहीस. चिडू नकोस, मामी, हे आपल्याच फायद्याचं आहे. तुझं 'हो' बाद ठरलं तर त्यांच्याकडे काहीच उरत नाही."

फायद्याचं असेल, पण नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्या. मी म्हटलं, "आणि माझा चेहरा? तोही फुकटात वाटलाय त्यांनी गावभर."

"चेहरा तुझा, चित्र मामाचं. चेहऱ्यावरून भांडायचं तर ते भांडण निराळं. एका वेळी एकच भांड." मग ती जरा विचार करून म्हणाली, "एक मात्र लक्षात ठेव. बोलता न येणाऱ्याने चित्र दाखवून बोलायचं, ही कल्पना काही मामाची नाही, कुणाचीच नाही. केंद्राने दुसरा चित्रकार बसवून स्वतःची कार्डं काढून घेतली असती, तर आपल्याला ब्र काढता आला नसता."

"मग घेतली का नाहीत?"

"कारण ही तयार होती. लोकांना वाटतं, चांगल्या कामासाठी घेतलं की विचारावं लागत नाही. माझ्या टेबलावर रोज असली माणसं येतात. सगळी सज्जन असतात."

हे सगळं आम्ही पेंटरांच्या डोक्यावरून बोलत होतो. ते भिंतीकडेच बघत होते. मी जाता जाता त्यांचं पांघरूण नीट केलं आणि म्हटलं, "बघाच तुम्ही आता, एकेकाला कसं सरळ करते." मान हलली.

केंद्राच्या साहेबांनी आम्हाला त्यांच्या खोलीत बोलावलं. लांबलचक टेबल, त्यावर काच, काचेखाली पाहुण्यांबरोबर काढलेले फोटो. साहेब हसतमुख. माझ्या शेजारी पेंटर, पलीकडे भाची, समोर मॅडम मान खाली घालून. पेंटरांना मी ठेवणीतला नवा शर्ट घालून आणलं होतं आणि त्यांच्या गळ्यात मूळ कार्डांची पिशवी अडकवली होती, पुरावा म्हणून. साहेबांनी चहा मागवला आणि बोलायला सुरुवात केली ती समाजसेवेपासून. किती पेशंटना फायदा झाला, किती घरांत संवाद सुरू झाला. "आता बघा, दुकानाच्या पाट्या रंगवणारे गृहस्थ, त्यांचं काम आज एवढ्या घरांत पोचलं. तुम्हाला तर अभिमान वाटायला हवा."

"अभिमान वाटायला त्यावर नाव तरी हवं ना," मी म्हटलं. "कुणाचं काम पोचलं हे त्या घरांना कुठे माहितेय? तुमचा शिक्का पोचला."

"आम्ही विचारलं होतं, ताई."

भाचीने तेव्हा वही मिटली आणि आपल्या त्या रटाळ, सपाट आवाजात एकेक गोष्ट मांडली. मला मध्येच ओरडावंसं वाटत होतं, पण तिचा तो आवाज माझ्या ओरडण्यापेक्षा जास्त बोचत होता, हे साहेबांच्या तोंडावरून दिसायला लागलं होतं. हक्क कुणाचा, झेरॉक्स कशासाठी, बायकोचं हो का चालत नाही. साहेबांचं हसू हळूहळू आटलं. शेवटी ते म्हणाले, "पण स्वतः चित्रकाराने होकार दिलाय. मॅडम साक्षीला आहेत."

मग मात्र मला राहवलं नाही. "मॅडम, तुम्ही मला पहिल्यांदा काय सांगितलं होतंत? सांगा साहेबांना. तुमच्याच तोंडाने सांगा."

मॅडमचे डोळे भरून आले. मग म्हणाल्या, "त्यांच्या मानेवर विसंबू नका, असं सांगितलं होतं."

"मग?"

"छापखान्याची घाई होती. मी विचारलं, मान हलली, मला बरं वाटलं." त्यांनी डोळे पुसले. "चूक झाली. पण एक सांगू का? लिफ्टपाशी ते आजोबा तुम्ही पाहिलेत ना, ते भीतीचं कार्ड त्यांनी मुलाला दाखवलं. एकट्याने खोलीत झोपायची त्यांना धास्ती वाटायची, कुणाला पत्ताच नव्हता. आता मुलगा त्यांच्या शेजारी पलंग टाकून झोपतो. दुसऱ्या कुठल्या चित्राने ते झालं नसतं."

"म्हणून दुसऱ्याच्या घरातलं रडं उचलून छापायचं का?" मी म्हटलं. माझा आवाज फाटला होता. पेंटर मॅडमकडे बघत होते, हे मी पाहिलं, पण त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

साहेब व्यवहारी माणूस. हरलो हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. झाकणावर पेंटरांचं नाव, प्रत्येक कार्डावर त्यांची खूण, रंग काढून मूळ रेघा, भीतीचं कार्ड कायमचं बाहेर, पुढच्या प्रत्येक छपाईला लेखी परवानगी, जे काही मानधन असेल ते. भाचीने सगळं कागदावर घेतलं, त्यांच्या माणसाने टाइप करून आणलं. मी जिंकले होते. एवढं सरळ, एवढं पुरतं मी आयुष्यात कधी जिंकले नव्हते.

"यांना तर सही जमणार नाही," साहेब म्हणाले. "तुम्हीच करा त्यांच्या वतीने."

मी पेन उचललं. भाची म्हणाली, "मामी, जरा…" पण मी ऐकण्याच्या पलीकडे गेले होते.

तेवढ्यात पेंटरांचा डावा हात त्या कागदावर येऊन पडला. पंजा पसरून. "हं हं," ते म्हणाले. "हं हं." मान होकारार्थी हलत होती.

"बघा, तेही तयार आहेत," साहेब म्हणाले.

"तयारच आहेत ते," मी म्हटलं, आणि त्यांचा हात बाजूला करायला गेले.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. त्या उठल्या होत्या. "मानेवर विसंबू नका."

त्या टेबलाला वळसा घालून आल्या. पेंटरांच्या गळ्यातल्या पिशवीकडे बोट दाखवून त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. पेंटरांनी पिशवी स्वतः काढून टेबलावर ठेवली. मॅडमनी सगळी मूळ कार्डं काचेवर पसरली, एका बाजूला छापील पेटी ठेवली आणि दुसऱ्या बाजूला एका कोऱ्या कागदावर घर काढलं. त्यांचं चित्र अगदीच यथातथा होतं. "जी लोकांना द्यायची ती पेटीत," त्या सावकाश म्हणाल्या, "जी तुमची ती घरात."

पेंटर कामाला लागले. कप पेटीत. खिडकी पेटीत. गुडघा हातात धरून त्यांनी खूप वेळ पाहिला, बहुधा रेघ पसंत नसावी, आणि घरात टाकला. साहेब दोनदा घड्याळाकडे बघून झाले. बरीचशी कार्डं पेटीत गेली.

मग रिकाम्या स्टुलाचं कार्ड आलं. मी त्यावर हात ठेवला. "हे नाही."

पेंटरांनी माझा हात उचलून माझ्या मांडीवर ठेवला. मग बोटं जुळवून पेन्सिल मागितली. भाचीने तिची दिली. इतके दिवस पेन्सिलीला शिवले नव्हते, त्यांनी ती धरली आणि त्या कार्डाच्या कोपऱ्यात दोन तिरपे फटकारे मारले, एक ठिपका दिला. कार्ड पेटीत सरकवलं, आणि मॅडमकडे पाहिलं.

मला राग आला. खरंच सांगते, त्या क्षणी मला साहेबांपेक्षा, मॅडमपेक्षा पेंटरांचा जास्त राग आला. ज्या एका कार्डासाठी मी रान उठवलं, घसा कोरडा केला, माणसांपुढे रडले, ते त्यांनी त्या लिफ्टपाशी बसणाऱ्या म्हाताऱ्यासाठी देऊन टाकलं. अहो, ते मला दिलं होतंत तुम्ही, असं मी म्हणणार होते.

शेवटी राहिलं माझं थोबाड. रागाचं कार्ड.

पेंटरांनी ते उचललं. पेटीत टाकलं नाही, त्या घरावरही ठेवलं नाही. शर्टाच्या खिशात घातलं.

"अहो, ते तर सगळ्यात जास्त वापरलं जातं," साहेब म्हणाले. "ते नसलं तर संचच लंगडा पडेल."

"असू द्या की," मी म्हटलं. "माझी काही हरकत नाही. आता सगळ्या गावाने पाहिलंयच."

पेंटर खिशाचं बटण लावत होते. डाव्या हाताने ते काही केल्या काजात जाईना. मदतीला हात पुढे करायची कुणाची छाती झाली नाही. आणि ते बटण बघता बघता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लिफ्टसमोर ते पांढरे पडले ते भीतीच्या कार्डापायी, असं मी धरून चालले होते. विचारलं कुठे होतं? त्या सुनेने माझ्याकडे बघून तोंडावर हात ठेवला, हसू दाबलं, ते त्यांनी पाहिलं होतं. आपल्या चित्रामुळे परकी माणसं आपल्या बायकोला हसली, हे त्यांना लागलं होतं. म्हणून पेन्सिल सुटली. आणि मी इतके दिवस त्यांच्या डोक्यावरून भलतंच भांडण भांडत होते.

"मग रागासाठी काय ठेवायचं?" मॅडमनी विचारलं. त्यांनी ते साहेबांना विचारलं नाही, मला नाही. पेंटरांपुढे कोरा कागद ठेवला.

पेंटर काढायला लागले. आधी एक लांब टेबल आलं. टेबलाभोवती माणसं आली, सगळ्यांची तोंडं उघडी, सगळ्यांचे हात वर, सगळी एकमेकांकडे वळलेली. एकाच्या गळ्यात टाय, एकीच्या हातात वही. सगळ्यांत मोठं तोंड होतं त्या बाईच्या कपाळावर चष्मा होता. मधोमध एक माणूस बसलेला, कुणी त्याच्याकडे बघत नाही. त्याचं तोंड मिटलेलं आणि डावा हात वर.

"हा राग का, मामा?" भाचीने विचारलं.

पेंटरांनी पेन्सिलीचं टोक त्या मधल्या माणसावर टेकवलं, मग आमच्यावर एकेकावर रोखलं. माझ्यावर जरा जास्तच वेळ.

"मला विचारा," मॅडम हळूच म्हणाल्या. "असं म्हणतायत ते. मला विचारा."

पेन्सिल काचेवर दोनदा आपटली.

मला रडूही येत होतं आणि माझी चूक अशी कागदावर काढून दाखवली म्हणून चीडही येत होती, तीही पेंटरांवर.

"उत्तम," साहेब म्हणाले आणि कागदाकडे हात केला. "फारच उत्तम. हेही संचात घेऊन टाकू."

"खूण नाहीये त्यावर," भाची म्हणाली.

साहेबांचा हात तिथेच थांबला. मॅडमनी कागद पुन्हा पेंटरांसमोर नीट सरळ केला, त्याच्या एका बाजूला पेटी ठेवली, दुसऱ्या बाजूला घराचं चित्र, आणि खुर्ची ओढून बसल्या. माझ्या जिभेवर आलं होतं, अहो, टाका की एकदाची, लोक खोळंबलेत. मी जीभ दाताखाली धरली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

पेंटरांनी पेन्सिल खाली ठेवली आणि निवत आलेला चहा ओढून घेतला. ते तो सावकाश प्यायले, अगदी शेवटच्या घोटापर्यंत.